जुन्या पऱ्हाटीचा भारा

"देवसिंग, पोट्ट्याले नागपूरले शिकाले धाडलं, अन् थो तं शिकून पऱ्हाट्या बांधून राह्यला!" रामलाल नाईक आपल्या ओट्यावरून ओरडला आणि आजूबाजूची चार घरं हसली.

देवसिंगही हसला. हसेल नाही तर काय करेल? त्याचा उत्तमसिंग, कळंबच्या बाजूच्या साऱ्या बंजारा तांड्यांत पहिला एम.एस्सी. झालेला पोरगा, यवतमाळच्या सरकारी फार्मावर नोकरीला असलेला, रजा काढून घरी आला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घरात दारासमोर खाटेवर उभा होता, आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा दोरीने वर ओढून वाशाला टांगत होता. तिथे आधीच तीन भारे लटकत होते. एक मागच्या वर्षीचा, एक त्याच्या मागच्या वर्षीचा, आणि एक त्याच्याही आधीचा, उत्तम नागपूरला शिकत होता तेव्हाचा. नाईक म्हणाला त्यात खोटं काय होतं? तांड्यात ज्याच्या-त्याच्या अंगणात पऱ्हाटीचा ढीग असतो. चुलीत घालायची वस्तू. तिला कोणी वाशाला टांगून ठेवतं का?

"बापू, तुमी बी हासता?" उत्तम खाली उतरत म्हणाला. "ह्याचा कागद होते. पुठ्ठा होते."

"पऱ्हाटीचा?"

"हो ना."

"मंग कारखाना काहून नाई काढत कोणी?"

उत्तमने हात झटकले आणि बापाजवळ येऊन बसला. समजावून सांगायला त्याला फार आवडायचं. "पाहा बापू. पऱ्हाटी निघते वर्षातून एक डाव. कारखान्याले पाह्यजे बारा महिने. शिकलेले लोकं म्हणतात, हे वर्षभरात सडते, याच्यातला धागा मरते. मी म्हणतो, नीट ठेवली तं तीन वर्षं बी मरत नाई. कसं ठेवाचं थे मले सापडलं हाये. आता दाखवाचं राह्यलं."

"कोणाले दाखवतं?"

"दिल्लीवाल्याले."

मग त्याने सांगितलं. दिल्लीला एक मोठी संशोधन संस्था होती. तिथल्या एका प्रोफेसरांकडे सरकारने एक जागा दिली होती. शेतात जे जे वाया जातं, जाळलं जातं, त्याचं काय करता येईल यावर एका माणसाने तीन वर्षं काम करायचं. त्याचं राहणं, खाणं, पुस्तकं, औषधं, यंत्रं, सगळं सरकार बघणार, शिवाय दरमहा हातात पैसे. शेवटी डॉक्टर ही पदवी. उत्तमने त्या प्रोफेसरांना आपल्या भाऱ्यांबद्दल लिहिलं होतं आणि त्यांना ते पटलं होतं. होळी झाली की ते स्वतः नागपूरला येणार होते. ताजी पऱ्हाटी, वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची, चारही घेऊन ये, डोळ्यांनी पाहू, मग बोलू, असं त्यांनी कळवलं होतं.

देवसिंगला त्यातलं अर्धं समजलं. जे समजलं त्याने तो थक्क झाला.

"म्हंजे फी आपण नाई द्याची? थेच आपल्याले देतीन? शिकाचे?"

"हो बापू."

"अरे बाप्पा!"

देवसिंगचं लहानपण बैलांच्या मागे गेलं होतं. बाप गोण्या लादायचा, धान्य, मीठ, काय मिळेल ते, आणि पोरगं मागून चालायचं. आज इथे तर उद्या तिथे. पुढे रेल्वेने आणि मोटारींनी लादणीचा धंदा खाल्ला, आणि तांडा या माळाशी टेकला. जमीन हातात आली तेव्हा देवसिंगला नांगर धड धरता येत नव्हता. गावातले कुणबी हसायचे. त्यातून तो शेतकरी झाला, आणि त्याच्या पोटचा पोरगा आता दिल्लीला जाणार, तेही सरकारच्या खर्चाने! तो लगेच उठून नाईकाच्या ओट्यावर गेला.

"उत्तम डागदर होऊन राह्यला," त्याने सांगितलं.

"सुई देईन का मंग?"

"पऱ्हाटीले देईन," देवसिंग म्हणाला. या वेळी हसण्यात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

जाताना उत्तमने बापाला बजावलं, "बापू, भाऱ्याले हात नका लावू बरं. धूर बी लागू देऊ नका."

"कोण लावते रे बेटा? तू जा बिनघोर."

हे तो खोटं बोलला नव्हता. होळीपर्यंत त्याने त्या भाऱ्यांना खरंच कोणाला हात लावू दिला नाही. भुरीबाईला, आपल्या बायकोला, चूल दुसऱ्या कोपऱ्यात हलवायला लावली. तिने चार शब्द सुनावले, पण हलवली.

त्या साली देवसिंगच्या घरी धुंड होती, नव्या बाळाच्या पहिल्या होळीचा सोहळा. उत्तमला मुलगा झाला होता, पूनमसिंग. सून सोनीबाई बाळंतपणाला आली ती तांड्यातच राहिली होती. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला त्या घरची होळी म्हणजे साऱ्या तांड्याची होळी. गेरिया, म्हणजे तांड्यातली तरणी पोरं, डफ घेऊन दारात येतात, बाळाच्या डोक्यावर कापड धरतात, काठ्या वाजवून गाणी म्हणतात, त्याला आशीर्वाद देतात. आणि त्याआधी, पहाटे होळी पेटते तेव्हा, पहिलं जळण त्या घरचं पडतं. देवसिंगच्या तांड्याची याबाबत आपली रीत होती. जळण स्वतःच्या शेतातलं पाहिजे. घरच्या मोठ्या माणसाने आपल्या हाताने, कोणाला न विचारता दिलं पाहिजे, कारण विचारून दिलं तर ते देणं कसलं? आणि एकदा दिलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. खंत करायची नाही, मोठेपणाही मिरवायचा नाही. देणं बाळाच्या नावाचं असतं. त्याची हळहळ केली तर ती बाळाला लागते.

पहाटे देवसिंग उठला. अंगणातल्या ढिगातली पऱ्हाटी त्याने उचलली आणि खाली टाकली. दवाने ओलसर झाली होती. नातवाच्या नावाची पहिली आग धुरकट पेटणार? छे! तो आत गेला. वर पाहिलं. चार भारे.

आता देवसिंगच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, नाहीतर त्याच्यावर उगाच अन्याय होईल. त्याच्या मनात आलं की हे चारही भारे उत्तमच्या भाग्याचे आहेत. त्यातला एक उत्तमच्याच लेकाच्या नावाने होळीला गेला, तर बाकीच्या तिघांना यशच येईल. ज्याच्यावर पोट चालतं त्यातला वाटा आधी द्यायचा, हे त्याला बापाने शिकवलं होतं. मग कोणता द्यावा? नवे उत्तमला लागतील. नव्या मालाला भाव असतो, हे कोणीही सांगेल. सगळ्यांत जुना, काळपट पडलेला, त्याची उत्तमला काय पडली असेल? आणि पेटायला तोच सगळ्यांत चांगला, खणखणीत वाळलेला.

"थे उत्तमच्या कामाचं हाये ना?" भुरीबाई अंथरुणातून म्हणाली.

"उत्तमच्याच पोराच्या नावाचं बी हाये," देवसिंग म्हणाला. "सर्वांत जुना नेऊन राह्यलो. चांगले तीन ठेवले त्याले."

भुरीबाईलाही ते पटलं.

होळी अशी पेटली की काय सांगावं! तीन वर्षं सांभाळलेली पऱ्हाटी ती. तडतडत वर गेली. नाईक म्हणाला, "वा रे देवसिंग, नातवाचं नशीब पाह्य कसं उजळलं!" देवसिंगचे डोळे भरून आले.

उत्तम उजाडल्यावर पोचला. कळंबहून सायकलने. सायकल भिंतीला लावून हसत हसत आत गेला, बाळाला उचललं, आणि सवयीने वर पाहिलं. वाशाला एक दोरी नुसतीच लोंबत होती.

"याडी," त्याने आईला विचारलं, "इथलं कुठं गेलं?"

नाव कसं घेणार? भुरीबाईने फक्त दाराकडे पाहिलं. दारातून होळीची राख दिसत होती, अजून धुमसत होती.

देवसिंग मागून आत आला. "पोराच्या नावानं देल्लं, बेटा," तो आनंदाने म्हणाला. इतकंच बोलायची मुभा होती.

उत्तम तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. देवसिंगने ते पाहिलं, पण त्याला वाटलं, पोरगा रात्रीचा प्रवास करून दमला. तेवढ्यात डफ वाजत दारात आले. सोनीबाई ओढणी सावरत म्हणाली, "चला, बसा लवकर, गेरिया आले."

उत्तम बाळाला मांडीवर घेऊन कापडाखाली बसला. वर काठ्या वाजत होत्या, पोरं गात होती, बाळ घाबरून रडत होतं आणि उत्तम त्याला छातीशी धरून हसत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. धूर लय झाला आज, देवसिंग मनात म्हणाला.

नागपूरहून उत्तम परत आला तेव्हा पायरीवर बसून त्याने बूट काढले आणि सांगितलं, "एकच जागा होती, बापू. दुसऱ्याले भेटली."

"असं कसं? त्याले पटलं होतं ना तुहं?"

"पटलं होतं. पण थो दुसरा चांगला होता."

"जाऊ दे. पुढच्या साली पाहू."

"पाहू," उत्तम म्हणाला.

पुढच्या साली काही झालं नाही. उत्तमने फार्मावरची नोकरी सोडली आणि बाभुळगावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झाला. बिऱ्हाड तिकडे नेलं. नागपूरहून परत आणून टांगलेले तीन भारे त्याने स्वतःच खाली काढले आणि आईला म्हणाला, "घाल चुलीत." भुरीबाईने घातले. देवसिंगला वाईट वाटलं, पण मास्तरकी काही वाईट नव्हती. पगार वेळेवर, लोक रामराम करतात. नशिबात दिल्ली नव्हती, झालं. असं तो म्हणायचा आणि तसंच मानायचाही.

अशी पाच वर्षं गेली आणि नवं राज्य झालं, महाराष्ट्र. त्या हिवाळ्यात देवसिंग कळंबला चिंतामणीच्या देवळाशी बसला होता. बाजाराहून परतताना पाय धुवायला थांबायची त्याची सवय. तिथे त्याला बबनराव भेटले. फार्मावर उत्तमच्या जोडीला असायचे, बाभुळगावकडच्या शेतकरी घरातले, बोलके गृहस्थ. नागपूरला भारे न्यायला मदत म्हणून तेच उत्तमबरोबर गेले होते.

"काय म्हणते तुमचा मास्तर?" बबनरावांनी विचारलं.

"बरा हाये."

"बरा हाये! अहो देवसिंगभाऊ, आज थो कुठं असता! मले अजून राग येते त्याचा. हातानं घालवलं त्यानं."

"हातानं? जागा तं दुसऱ्याले भेटली ना?"

"भेटली, पण काहून भेटली? मी दाराशीच उभा होतो ना. थो साहेब तं खूष होता. सारं पाह्यलं. मंग म्हणे, तीन वर्षांचा नमुना कुठं हाये? त्याच्यासाठीच तं मी आलो. दोन वर्षांचं आमाले माहीत हाये. अन् तुमचा पोरगा काय म्हणते? 'माझ्यानं सांभाळणं नाही झालं.' बस्! साहेबानं तीनदा विचारलं. सडला का? भिजला का? कोणी नेला का? हा आपला खाली मान घालून उभा. साहेब म्हणे, ज्याच्यानं एक भारा सांभाळणं होत नाई, त्याच्या हाती मी तीन वर्षांचं काम कसं देऊ? बरोबरच बोलला थो. बरं, बाहेर आल्यावर मी विचारलं, तुह्या घरी तं टांगलेला मी माह्या डोयानं पाह्यला होता, कुठं गेला? तं मलेही नाई सांगितलं. कायले इतका आळस करावा माणसानं?"

देवसिंग पाय पुसत होता. तो पुसतच राहिला.

"थो आळशी नाई," एवढंच तो म्हणाला.

"मंग काय झालं थ्या भाऱ्याचं?"

देवसिंगच्या ओठावर आलं होतं. अगदी ओठावर. म्या जाळला! माह्या पोराचा काही दोष नाई, म्या जाळला! पण समोर देऊळ, आणि बाभुळगावला तो पूनम, शाळेत जाऊ लागलेला, दात पडलेला. देवसिंगने तोंड मिटलं. आणि तोंड मिटता मिटता त्याला कळलं की त्या साहेबासमोर आपला पोरगा याच जागी उभा होता. असाच.

घरी येऊन तो जेवला नाही. भुरीबाईने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने नाव न घेता सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली.

"बाभुळगावले जा," ती शेवटी म्हणाली. "माफी माग पोराची."

"कशाची मागू? कोणतं नाव घेऊन मागू? मागितली का खंत झाली. खंत झाली का पूनमले लागते."

"मंग आता?"

आता काय, ते देवसिंगलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यात जुनाच का घेतला आपण? नवी पऱ्हाटी तर अंगणभर पडली होती. थोडं दव होतं, तर काय झालं असतं? थोडा धूर झाला असता. धुरकट आगीने कोणाचं पोर मेलंय? एक वेळ त्याला विचारलं असतं! असं तो बांधावर बसून स्वतःशी बोलायचा. लोक म्हणायचे, बुढा म्हातारचळला.

त्या हंगामात कपाशी वेचून झाली, आणि देवसिंगने उत्तम जिथून काड्या घ्यायचा त्याच माळाच्या तुकड्यातली पऱ्हाटी कापली. उत्तम कसं करायचा ते त्याने अनेकदा पाहिलं होतं. मुळाकडची बाजू छाटायची. बोंडांची टरफलं एकूणएक काढायची, कारण किडा त्यात असतो. काड्या आडव्या टाकायच्या नाहीत, उभ्या वाळवायच्या. अंबाडीच्या दोरीने तीन ठिकाणी बांधायचं, चुलीपासून लांब आणि भिंतीला न टेकता टांगायचं. त्याने तसंच केलं. नाईक ओट्यावरून म्हणाला, "आता बुढा बी डागदर होऊन राह्यला का?" देवसिंग हसला नाही. नाईकाने मग पुन्हा कधी ते काढलं नाही.

पावसाळ्यात घर गळलं तेव्हा त्याने आधी तो भारा हलवला, मग ज्वारीचं पोतं. होळीला गेरिया आले, दुसऱ्या कोणाच्या घरची धुंड होती, पोरं दारोदार जळण मागत होती. "बुढा, थो वरचा दे ना, मस्त वाळला हाये!" देवसिंग त्या भाऱ्याखाली खाट टाकून बसला. "अंगणातलं सारं न्या," तो म्हणाला, "माही खाट न्या. थ्याले हात लावाचा नाई." असे तीन हिवाळे गेले.

मग एके दिवशी त्याने तो भारा खाली काढला, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळला आणि बसस्टँडवर नेला. कंडक्टर म्हणाला, "बुढा, बाभुळगावात इंधन नाई भेटत का? टाक टपावर." टपावर म्हणजे त्याच्यावर लोकांच्या ट्रंका पडणार, काड्या मोडणार. देवसिंग उतरला आणि पायी निघाला. बापाच्या बैलांमागे याहून लांब चालला होता तो. फक्त तेव्हा पाय तरणे होते.

पोचला तेव्हा दिवस कलला होता. उत्तम शाळेतून येऊन अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होता. कानशिलावर केस पांढरे झाले होते. बापाच्या डोक्यावर ओझं पाहून तो धावला. "बापू! पायी आले? काय आणलं एवढं?"

देवसिंगने भारा उतरवला, धोतर सोडलं आणि बाजूला झाला. बोलायची तालीम त्याने वाटेत केली होती, पण आता त्यातलं काही आठवेना. "माळाच्या तुकड्यातली हाये," तो कसाबसा म्हणाला. "तीन वर्षांची. धूर लागू देल्ला नाई."

उत्तमने भाऱ्याकडे पाहिलं. तीन बांध पाहिले. मग बापाकडे पाहिलं, आणि बापाला सगळं कळलं आहे हे त्याला कळलं. आतून पूनम पाढे म्हणत होता, त्याचा आवाज येत होता.

"दिल्लीले धाडतं का?" देवसिंगने विचारलं. "थो साहेब आता पाहीन ना?"

"बापू," उत्तम हळूच म्हणाला, "तिथं वयाची अट असते. माहं वय निघून गेलं. थो साहेब बी रिटायर झाला."

"सांगितलं तं? काही सवलत..."

"नाई बापू. आता नाई होत."

देवसिंग अंगणातच खाली बसला.

उत्तमने मधली दोरी सैल केली आणि एक काडी उपसली. कानाजवळ नेऊन मोडली. कट्ट आवाज झाला. त्याने तुटलेलं टोक नखाने सोललं. साल लांब, अखंड निघाली. ती बोटाला गुंडाळून त्याने ओढून पाहिली. तुटेना. जोर लावला, तरी तुटेना. तो उकिडवा बसला होता आणि त्याचा चेहरा क्षणभर तसा झाला, वाशाखाली बसून बापाला समजावून सांगणाऱ्या त्या पोराचा होता तसा.

"बापू, पाहा," तो म्हणाला. "धागा मेला नाई. माहं म्हणणं बरोबर होतं."

"हो बेटा," देवसिंग म्हणाला. त्याने तो धागा हातात घेतला, त्यानेही ओढून पाहिला. "बरोबर होतं तुहं."

सोनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सासऱ्यांच्या पाया पडली आणि भाऱ्याकडे पाहून खूष झाली. "बरं झालं बापूजी, जळण संपलंच होतं. चुलीपाशी ठेवू का?"

"नको," उत्तम म्हणाला. त्याने काढलेल्या काडीचे दोन्ही तुकडे परत भाऱ्यात खोचले, दोरी घट्ट बांधली, आणि खुर्ची पडवीत नेऊन तिच्यावर चढून भारा वाशाला टांगू लागला. देवसिंगने उठून खालून आधार दिला. भिंतीला टेकला होता, तो त्याने वीतभर पुढे सरकवला.

"पुढच्या सालची कापून ठेवू का?" त्याने खालून विचारलं.

उत्तमने गाठ मारली. उतरायला थोडा वेळ लावला.

"ठेवजा बापू," तो म्हणाला.